हाताची सवय मोडताना: अमूर्त चित्र सुरू करणाऱ्यांसाठी

अमूर्त चित्र काढायला बसलेल्या नवख्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो: मनाला येईल ते काढ. सल्ला प्रेमाचा असतो, पण त्याने काम भागत नाही. कोऱ्या कागदासमोर पहिल्या फटक्यात जे सुचतं ते हाताच्या आधीच अंगवळणी पडलेलं असतं. मधोमध एक गोळा, त्याच्याभोवती गरगरणाऱ्या रेषा, निळ्यातून जांभळ्यात विरघळत जाणारा रंग आणि चारही कोपरे रिकामे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या पहिल्या कागदावर बहुतेक हेच उतरतं, मग तो कॉलेजात जाणारा मुलगा असो की बँकेतून निवृत्त झालेल्या काकू.

अंतःप्रेरणा म्हणून जे काही असतं ते या थराच्या खाली असतं. तिथे पोचायचं तर सवयीला जागोजागी अडवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या अडवणुकीच्या आहेत. ॲक्रिलिक रंग, जाड कागद आणि बडोद्याची हवा एवढं धरून लिहितो आहे. तैलरंगाचं गणित वेगळं, ते इथे नाही.

आधी जरा फिरून या

रंगाच्या दुकानात जाण्याआधी बडोद्यातल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, जा. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंती रंगवल्या: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं आयुष्य, टागोरांचं नाटक ‘नटीर पूजा’. यातलं काहीच अमूर्त नाही, तरीही जा. युद्धाच्या भिंतीसमोर उभे राहा आणि डोळे इतके किलकिले करा की घोडे, रथ, माणसं दिसेनाशी होतील. उरतील ते गडद आणि फिकट तुकडे, त्यांच्यामधल्या फटी आणि नजर कुठून कुठे सरकते तो रस्ता. खिशातल्या वहीत काडेपेटीएवढी चौकट काढा आणि पेन्सिलीने फक्त तीन छटांत ते तुकडे मांडा. माणसाचा नाक-डोळा काढायचा मोह झाला तर तो हात मागे घ्या. एका भिंतीच्या अशा चार-पाच चौकटी झाल्या की पुरे.

मग दांडिया बाजारात एखाद्या जुन्या वाड्याची बाहेरची भिंत शोधा. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं प्रसिद्ध आहेत आणि ती बघाच. पण मी सांगतोय ती साधी, कुणी ढुंकून न बघणारी भिंत. चुना, त्यावर निळसर डिस्टेंपर, त्यावर निवडणुकीचं पोस्टर, ते फाडल्यावर राहिलेली कागदाची कातडी, त्यावर गेरूचा ओघळ, आणि या सगळ्यावर पावसाने केलेलं पुसकाम. थरांवर थर चढवणं आणि काढणं म्हणजे काय, हे इतकं स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळत नाही. फोटो काढा, पण घरी जाऊन त्या फोटोची नक्कल करत बसू नका. नजरेत राहील तेवढंच घ्या.

या गावाचं अमूर्ताशी नातंही जुनं आहे, ते ठाऊक असलेलं बरं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. चित्रकला विभाग उभा केला तो नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. १९१० साली इंदूरला जन्मलेले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले, आणि १९६६ पर्यंत इथे शिकवणारे. त्याच शाखेत पुढे जेराम पटेल लाकडाच्या फळ्या ब्लोटॉर्चने जाळून चित्रं करायचे. आणि १९७२ पासून १९९० मध्ये निधन होईपर्यंत नसरीन मोहमदी इथे शिकवत होत्या: शाई, पेन्सिल, पट्टी आणि कागदावर सरळ रेषांची जाळी. एकीकडे आग, दुसरीकडे केसाएवढी बारीक रेघ. म्हणजे अमूर्त म्हटलं की रंग उधळलेच पाहिजेत, हा समज बडोद्याच्या माणसाने तरी सोडून द्यावा. ललित कला शाखेचं वार्षिक प्रदर्शन लागतं तेव्हा बघून या. एरवी मुलांच्या स्टुडिओत न विचारता शिरू नका.

सामान

कागद ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. २२ बाय ३० इंची एक पूर्ण शीट घेऊन तिचे चार तुकडे करा, म्हणजे ११ बाय १५ चे चार कागद मिळतात. चारच का, ते पुढे येईल. कॅनव्हास सध्या नको. कॅनव्हास महाग असतो, आणि महाग वस्तूवर हात घाबरतो.

प्रत्येक तुकडा कडेने मास्किंग टेप लावून फळीवर किंवा जुन्या प्लायवर चिकटवा आणि गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. सरावाला भिंतीचा पांढरा इमल्शनही चालतो. टिकाऊ काम करायची वेळ आली की मात्र गेसोच वापरा.

रंग पाचच: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एक भडक, तुमच्या आवडीचा लाल किंवा मॅजेंटा. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समान घेतले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो आणि प्रमाण बदलून तो गार किंवा उबदार करता येतो. ट्यूबमधला काळा यापुढे मेलेला वाटतो. थॅलो ब्लू नावाचा गडद निळा दुकानदार हमखास पुढे करतो. तो देखणा असतो, पण त्याचा जोर एवढा की चिमूटभर मिसळला तरी सगळी प्लेट त्याची होते. हात बसेपर्यंत तो लांब ठेवा. नवशिक्याने विद्यार्थी दर्जाचे रंग घ्यायला हरकत नाही. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलचे रंग आपल्याकडे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. फक्त पांढरा जरा वरच्या दर्जाचा आणि मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, कारण तो सगळ्यात जास्त लागतो आणि झाकायचं काम त्याचंच असतं.

ब्रश आर्टच्या दुकानातून एकच, अर्धा इंची चपटा. बाकी हार्डवेअरच्या दुकानातून: दोन इंची रंगाऱ्याचा ब्रश, चार इंची छोटा रोलर. मुदत संपलेलं एटीएम कार्ड, एक पॅलेट नाईफ (रंग कालवायची बोथट सुरी), पाण्याचा फवारा मारायची बाटली, जुने बनियन फाडून केलेले बोळे, कोळशाची कांडी आणि भरपूर रद्दी. सॅनिटायझरची एक बाटलीही ठेवा, तिचं काम आहे. बारीक ब्रशांचा सेट कुणी भेट दिला तर तो कपाटात ठेवा. बारीक ब्रश हातात आला की माणूस चित्राच्या एका कोपऱ्यात नक्षी करत बसतो.

ब्रश आणि प्लेट धुण्याआधी रद्दीने पुसून घ्या. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच. बेसिनमध्ये धुतलेला रंग नळीत जाऊन बसतो. आणि ब्रशमध्ये रंग वाळू देऊ नका. एकदा वाळला की तो ब्रश गेला.

हवेबद्दल दोन गोष्टी. मे महिन्यात गच्चीत काम कराल तर रंग प्लेटवर असतानाच साय धरतो. प्लेटवर फवारा मारत राहा आणि एका वेळी थोडाच रंग काढा. पावसाळ्यात उलट, रंग वाळता वाळत नाही, कागद पोटात पाणी धरून फुगतो. तेव्हा पंख्याखाली काम करा आणि थर पातळ ठेवा.

अट घाला

माझी स्वतःची पद्धत गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली. सुरुवातीला मी निसर्गचित्रातून निघायचो. विश्वामित्री नदीचा काठ, पुलाखालची सावली, चिखलात पडलेली मगर. त्याचं एक रेखाटन, मग त्यातून एकेक तपशील कमी करत आकार उरवायचे. त्यातून मांडणी पक्की झाली, पण चित्र आधीच ठरलेलं असायचं. रंगवणं म्हणजे नुसती अंमलबजावणी. मग काही काळ सगळं सोडून दिलं. रेखाटन नाही, विषय नाही, जे हाताशी येईल ते. हात सैल झाला, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की सगळी चित्रं एकमेकांच्या सख्ख्या बहिणी दिसतायत. आता मी विषय ठरवत नाही, पण एक अट ठरवतो. अट एकच, कडक, आणि चित्र सुरू व्हायच्या आधी फळीच्या कडेला लिहून ठेवलेली.

कसली अट? फक्त रोलर, ब्रश नाही. निळा बंद. सुरुवात कडेकडून करायची, मध्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. सगळे फटकारे डाव्या हाताने. प्रत्येक थरानंतर जेवढा रंग लावला त्याच्या निम्मा काढून टाकायचा. यातली कुठलीही घ्या, पण जी अट वाचून तुम्हाला वैताग येईल ती आधी घ्या. तिथेच तुमची सवय बसलेली आहे. कुणाची सवय रंगात असते, कुणाची मनगटात. ज्याला गोल वळणं आवडतात त्याने एक आठवडा फक्त कार्ड ओढून सरळ पट्टे करावेत.

अट घातली तर मोकळेपणा जाईल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. फैयाज खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायचे त्या शहरात तरी ती वाटू नये. राग ठरलेला, वर्ज्य स्वर ठरलेले, आणि त्या चौकटीत पुढची जागा कुठली घ्यायची ते गाता गाता सुचत जायचं. सगळे बारा स्वर कधीही घ्यायची मुभा असती तर आलाप झाला नसता.

अमूर्त चित्रांच्या सुरुवातीच्या काळातला रशियन चित्रकार कांडिन्स्की, त्याने आपल्या चित्रांचे तीन प्रकार केले होते. बाहेरच्या निसर्गाच्या ठशातून आलेली, आतून अचानक उमटलेली, आणि तिसरी, हळूहळू घडवत नेलेली, ज्यांना तो ‘कॉम्पोझिशन’ म्हणायचा. १९१३ सालचं त्याचं ‘कॉम्पोझिशन सात’ हे प्रचंड चित्र बघणाऱ्याला एका उसळीत झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्ष रंगवायला त्याला चार दिवस लागले हे खरं, पण त्याआधी त्याने तीसहून अधिक आराखडे, रेखाटनं आणि अभ्यासचित्रं केली होती. ती उसळी मागच्या तयारीवर उभी होती. तुम्ही आम्ही एवढे आराखडे करणार नाही. पण तयारी आणि उत्स्फूर्तता यांचं भांडण लावू नये एवढं त्यातून घ्यावं.

चार कागद एकदम

चारही कागद शेजारी शेजारी मांडा, शक्यतो जमिनीवर. एकच कागद समोर असला की तो पंधरा मिनिटांत मौल्यवान होतो आणि त्याला जपण्यात वेळ जातो. चार असले की एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर जाता येतं, आणि एखादा बिघडला तर जीव वरखाली होत नाही.

कोळशाची कांडी घेऊन डोळे मिटा आणि प्रत्येक कागदावर एकदाच, न थांबता, कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढा. डोळे उघडा. बोळा ओला करून ती रेघ पुसा, पूर्ण नाही, राखाडी डाग राहू दे. कागदाची पांढरी दहशत संपली. आता ऑकर थोडा पातळ करून दोन इंची ब्रशने दोन कागदांवर फिरवा, आणि सिएना दुसऱ्या दोनांवर. पातळ करताना नुसतं पाणी ओतत जाऊ नका. त्याने रंगाला धरून ठेवणारा चिकट घटकच विरळ होतो. थोडं ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगाविना तोच चिकट घटक, घातलं तर थर पारदर्शक होतो आणि घट्टही बसतो. वाळू द्या. एवढ्यात चहा होतो.

दुसरा थर मोठ्या आकारांचा. नियम साधा: कागदावर एक मोठा भाग, एक मध्यम, एक छोटा. सगळे आकार सारख्याच मापाचे झाले की चित्र लादीसारखं दिसतं, आणि नवशिक्यांची बहुतेक चित्रं याच एका कारणाने फसतात, रंगामुळे नव्हे. मोठा भाग म्हणजे खरंच मोठा, कागदाच्या निम्म्याहून जास्त. तो कडेच्या बाहेर जाऊ द्या. आकार टेपवर चढला पाहिजे. कडेच्या आत घाबरून थांबलेला आकार लगेच ओळखू येतो.

प्रत्येक थरानंतर कागद फिरवा. वरची बाजू डावीकडे, मग खाली. कागद फिरला की तुमच्या डोक्यात तयार झालेलं डोंगर-आकाश मोडतं. आडवी रेघ दिसली की आपलं मन तिला क्षितिज करून टाकतं आणि मग हात आपोआप वर फिकट, खाली गडद लावायला लागतो.

रंग काढण्याची कला

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते चित्र खरं सुरू होतं ते इथे.

लावलेला फटकारा तुमच्या हाताचा असतो. काढलेल्या रंगातून जे दिसतं ते निम्मं तुमचं आणि निम्मं कागदाचं, हवेचं, नशिबाचं. सवयीला इथे फारसा वाव राहत नाही. वासुदेव गायतोंडे यांनी हे टोकाला नेलं. १९२४ साली नागपूरला जन्मलेले, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतलेले गायतोंडे पुढे रोलर आणि पॅलेट नाईफने थरावर थर चढवायचे, खरवडायचे, छापील कागदाचे तुकडे लावून रंग उचलायचे. आपल्या चित्राला ते अमूर्त म्हणू देत नसत. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं होत, कारण बराचसा वेळ बघण्यात आणि थांबण्यात जायचा. त्यांच्यासारखं चित्र करायला जाऊ नका. पण रंग उचलणं जरूर शिका, आणि ते असं:

खालचा थर गडद आणि पूर्ण वाळलेला हवा. त्यावर पांढऱ्यात थोडा ऑकर कालवून रोलरने पातळ हात द्या. आता तिरप्या उजेडात बघत बसा. सुरुवातीला सगळा पृष्ठभाग ओला चमकतो. दोन-तीन मिनिटांत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, ही चमक तुकड्यातुकड्यांनी मरायला लागते: जिथे थर पातळ तिथे आधी, जिथे जाड तिथे उशिरा. अर्धा भाग मंद आणि अर्धा चकचकीत अशी वेळ आली की वर्तमानपत्राचं पान टाका, तळव्याने एकदाच दाबा, घासू नका, आणि एका कोपऱ्याला धरून सावकाश सोलत या. ओला रंग पानाबरोबर निघतो, वाळलेला राहतो, आणि मधल्या भागात खालचा गडद थर जाळीसारखा डोकावतो. लवकर उचललंत तर सगळंच निघून येतं, उशीर झाला तर कागद चिकटून फाटतो. कधी कधी बातमीची शाईही उलट्या अक्षरांत उमटते. गुजराती मथळा आरशात बघितल्यासारखा. नको असेल तर कोरा न्यूजप्रिंट वापरा. मी ठेवतो.

सॅनिटायझर दुसऱ्या कामाचा. त्यातला अल्कोहोल वाळलेला ॲक्रिलिकही मऊ करतो. एका जागी थोडा टाका, थोडा वेळ थांबा, बोळ्याने फिरवा, खालचा थर वर येतो. ओल्या पातळ रंगावर थेंब टाकले तर रंग बाजूला पळून गोल गोल कडी होतात. ही कडी दिसायला फार गोड असतात, म्हणूनच त्यांच्यापासून सावध राहा. दोन दिवसांत चारही कागद कड्यांनी भरतील आणि ती तुमची नवी सवय झालेली असेल. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास उदबत्ती, गॅस, काडेपेटी काही नको.

कार्डाने ओला रंग ओढणं, मऊ थरात ब्रशच्या दांड्याने रेघ खरवडणं, पाण्याचा फवारा मारून कागद उभा धरणं, हे सगळं याच कुटुंबातलं. एका दिवशी एकच करून बघा.

बघणं

आता हात धुवा आणि बसा. दहा-बारा फुटांवर, पाठ टेकून, हातात ब्रश न घेता. जेवढा वेळ रंगवलंत तेवढाच वेळ बघा. हे सांगितलं की लोक हसतात; बघायला काय लागतं? पाच मिनिटांतच बूड हलायला लागतं, कारण हाताला पुढचं काहीतरी करायचं असतं.

बघताना ‘छान आहे का’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी: नजर आधी कुठे जाते? तिथून ती कुठे जाते, की तिथेच अडकते? कुठला भाग तुम्ही ओलांडून पुढे जाता, बघतच नाही? कोणते दोन भाग एकच गोष्ट दोनदा सांगतायत? फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगात वेगळे वाटणारे लाल आणि हिरवे तिथे एकाच राखाडीत बुडालेले दिसले तर चित्राला गडद-फिकटाचा कणा नाही. आरशातही बघा. पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे घेऊन चित्रावर चौकट फिरवा. कधी कधी अर्ध्याच कागदात चित्र असतं आणि बाकीचं पसारा असतो.

या वेळात वहीत एक-दोन शब्द लिहा, वाक्य नको. ‘डावं जड’, ‘लाल ओरडतोय’, ‘मधला भाग झोपलाय’. पुढच्या बैठकीत याच शब्दांवर काम सुरू करायचं.

लाडका कोपरा

कधी ना कधी एखाद्या कागदावर, बहुतेक कुठल्या तरी कडेला, एक भाग असा जमून येतो की तुम्ही त्याच्या प्रेमात पडता. मग उरलेलं सगळं चित्र त्याची मर्जी सांभाळत चालतं. बाकी काही बदललं की तो कोपरा उपरा दिसायला लागतो, आणि त्याला हात लावायची छाती होत नाही. असा कागद आठवडेच्या आठवडे अडकून पडतो.

उपाय: त्याचा जवळून फोटो काढा आणि झाका. सरसकट पांढऱ्याने नव्हे. झाकण्याच्या तीन तऱ्हा आहेत. मीडियममध्ये कालवलेला पातळ पारदर्शक थर दिला तर खालचं दिसत राहतं, फक्त त्याचा सूर बदलतो. कोरड्या ब्रशने पांढरट रंग घासत नेला तर धुक्यातून दिसावं तसं अर्धं दिसतं. आणि टायटॅनियम व्हाइट मिसळलेला घट्ट थर सगळं पुसून टाकतो. आधी पहिली तऱ्हा, मग दुसरी. तिसरी लागलीच तर. गेलेला भाग वाया जात नाही, कारण त्याच्या उंचवट्यांमुळे वरचा रंग वेगळा बसतो. आणि जे हाताने एकदा केलं ते दुसऱ्या कागदावर न बोलावता येतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा बरं.

चिखल झाला, ही तक्रार इथेच सुरू होते. चिखल होतो तो ओल्यावर ओलं चोळल्याने: निळ्या-जांभळ्यावर पिवळट, लालावर हिरवं, विरोधी रंग एकमेकांत गेले की राखाडी-तपकिरी उरतो. थर वाळू द्या, मग वर जा. झालेला चिखल मात्र फेकू नका. प्लेटवरचा हा उरलेला राखाडी डबीत भरून ठेवा, तो तुमच्याच सगळ्या रंगांचा बनलेला असतो, म्हणून त्या चित्रात कुठेही चपखल बसतो. आणि भडक लाल आहे तो या राखाडीशेजारी नखाएवढा लावा, मग बघा त्याची ताकद. आणखी एक, ॲक्रिलिक ओला असताना जरा फिकट दिसतो. त्यातला चिकट घटक तेव्हा दुधी असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून छटा जुळवताना थोडा वाळवून मगच निर्णय घ्या.

कुठे थांबायचं

याचं पक्कं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, पण काही खुणा कामाला येतात. पुढचं जे सुचतंय ते सगळं सजावटीचं असेल, इथे एक ठिपका, तिथे सोनेरी रेघ, तर थांबा. चारही बाजूंनी फिरवून चित्र तीन बाजूंनी उभं राहत असेल तर थांबा. शंका असेल तर कागद भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवून द्या. आठवड्याने उलटा केल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे खटकेल तेवढंच दुरुस्त करा.

चारांतला एखादा कागद पूर्ण होईल, एखादा अडेल, उरलेल्यांचं काहीच होणार नाही. अडलेला कापून छोटे तुकडे करा, किंवा पुढच्या वेळी पहिल्या थरासाठी वापरा. आणि नवे चार कागद ताणताना जुन्या अटीत एकच बदल करा, सगळी अट बदलू नका. ‘फक्त रोलर’ असेल तर ‘फक्त रोलर, पण काठाने’. अशी तीन-चार बैठकांची मालिका झाली की कागद ओळीने भिंतीला लावून बघा. जे प्रत्येकात न ठरवता आलंय त्याची यादी करा. त्यातलं काय सवय आणि काय तुमचं, हे तेव्हा कुठे दिसायला लागतं.

चित्र झाल्यावर

टेप सोलताना ती कागदापासून बाहेरच्या बाजूला, तिरपी आणि हळू ओढा. कागदाला बाक आला असेल तर मागून हलका फवारा मारा, रंगाच्या बाजूला सिलिकॉनचा मुलामा असलेला बेकिंगचा कागद ठेवा आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली दाबा. दोन ॲक्रिलिक चित्रं तोंडाला तोंड लावून कधीही ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात ती एकमेकांना घट्ट धरतात आणि सोडवताना दोन्ही जातात. बबल रॅपचे फुगे रंगाकडे आले तर गोल ठसे कायमचे राहतात.

ठेवायची जागा जमिनीपासून उंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा पलंगाखाली ठेवलेल्या गोष्टींचं काय झालं ते शहराला माहीत आहे.

मागे पेन्सिलीने लिहा: तारीख, वापरलेले रंग, अट, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. नसरीन मोहमदी आपल्या कामावर नाव आणि तारीख सहसा घालत नसत, अभ्यासकांना आजही त्याचा क्रम लावताना डोकं खाजवावं लागतं. तुमच्या बाबतीत ती अडचण तुम्हालाच येईल, सहा महिन्यांनी.

चित्र घरात लावलंत की पहिला पाहुणा विचारणार, ‘हे काय आहे?’ आमच्या आत्या तर चष्मा पुसून विचारतात, ‘अरे, हे सरळ लावलंयस ना?’ चिडू नका, आणि ‘तुम्हाला काय दिसतं?’ असा उलट प्रश्नही टाकू नका. त्याने समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. काय केलंत ते सांगा. आधी सगळा कागद तपकिरी होता, त्यावर पांढरा दिला, तो वाळायच्या आत वर्तमानपत्राने उचलला, ही खालची अक्षरं त्यातलीच. आत्या जवळ गेल्या, नाक चित्राला लागेल एवढ्या, आणि उलटा मथळा वाचायचा प्रयत्न करायला लागल्या.